नैनाचा वाफा

१६ मार्च, रविवार

ही वही खरं तर नैनाच्या खाण्याची आहे. तिने सकाळी काय खाल्लं, दुपारी काय, ताटात किती टाकलं, ते रोज लिहून ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते मी पुढून इंग्रजीत लिहिते. आज वही उलटी धरून मागून मराठीत लिहायला बसले. नैनाला मराठी बोललेलं सगळं कळतं, वाचता येत नाही.

मंगळवारी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. सोळा वर्षांची मुलगी, चार महिने पाळी नाही, हात बर्फासारखे गार. शाळेची रनिंग टीम बंद, जिम बंद. न खाण्याच्या या आजाराचं जे क्लिनिक आहे तिथली पहिली अपॉइंटमेंट मिळाली ती थेट १९ मेची. मी फोनवरच्या बाईला म्हटलं, तोपर्यंत मी काय करू? ती म्हणाली, तीन जेवणं आणि तीन वेळा मधलं खाणं, समोर बसून. समोर बसून! मी समोर बसतेच की. ती ताटात बघते, मी तिच्याकडे बघते, आणि पोळीचे तुकडे बारीक बारीक होत जातात. तिचा बाबा, यशोधन, नुसता पाणी पीत राहतो.

आज मात्र एक गोष्ट झाली. दुधीची भाजी होती. नैना म्हणाली, "याच्यात काय काय आहे?" मी म्हटलं, दुधी, जिरं, मीठ, थोडं तेल. "थोडं म्हणजे किती?" मग तीच म्हणाली, "इफ आय ग्रू इट मायसेल्फ, आय'ड नो."

सहा महिन्यांत जेवणाबद्दल ती पहिल्यांदा आपणहून काही बोलली. भांडी आवरताना मी यशोधनला म्हटलं, आपण मागे भाजी लावू या. सगळी तिच्या हातून.

"बाहेर बर्फ आहे, प्रतिमा."

असू दे. वितळेल.

१९ मार्च, बुधवार

इथे जमीन खणण्याआधी फोन करावा लागतो, खालून गॅस जातो की वीज ते बघायला माणूस येतो. तो आज येऊन हिरवळीत पिवळ्या आणि लाल झेंड्या टोचून गेला. कुंपणाजवळची वीस फूट लांब, दहा फूट रुंद जागा मोकळी आहे. नैनाने ग्राफ पेपरवर नकाशा काढला. मटार, पालक, मेथी, मुळा, मागच्या बाजूला बटाटे, मे महिन्यात टोमॅटो. प्रत्येक ओळीतलं अंतर इंचात. मी म्हटलं, इतकं मोजून मापून कशाला? ती म्हणाली, "बिकॉज आय लाइक इट, आई." लाइक इट! हा शब्दच या घरातून गेला होता.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या भाचीच्या लग्नाला नागपूरला जायचं म्हणून आम्ही दोघींनी मिळून डाएट केलं होतं. एकच ॲप, दोघींच्या फोनवर. संध्याकाळी सोफ्यावर बसून कॅलरींचे आकडे ताडून बघायचो आणि हसायचो. लग्नात बायका विचारत होत्या, आई-मुलगी की बहिणी? किती छान दिवस होते. तेव्हाची नैना परत यायला हवी.

मी आज दुपारी नुसता चहा घेतला. तसाही भूक लागायला वेळ कुठे आहे.

२३ मार्च, रविवार

दिवसभर भुरभुर पाऊस. तापमान चाळीसच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं चार-पाच. तरीही सुरुवात केली. हिरवळीचे चौकोन कापून काढायचे, खालची माती उलथायची. यशोधनची कंबर अर्ध्या तासात धरली. माझे हात तासाभरात गेले. नैना मात्र थांबली नाही. दोन स्वेटर, वर माझं जुनं जॅकेट, आणि सपासप फावडं.

शेजारच्या हेलेना कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. त्या पोलंडच्या, आता पंचाहत्तरीच्या, नवरा गेल्यापासून एकट्या. त्यांच्या बागेतले टोमॅटो सगळ्या गल्लीला जातात. त्यांनी आमच्या वाफ्यातली मूठभर माती उचलली, दाबली, आणि तळहात उघडून मला दाखवला. नुसता लाडू. बोटांचे ठसे उठलेले.

"ही फुटायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "फुटत नाही तोवर हात लावायचा नाही. चिकणमाती आहे, ओली असताना खणलीस तर वीट होते. थांब."

किती? विचारलं तर म्हणाल्या, तीन आठवडे. पाऊस असाच राहिला तर पाच.

माझ्याकडे पाच आठवडे नाहीत. त्यांना ते कसं सांगणार? मी हसून थँक यू म्हटलं आणि त्या आत गेल्यावर परत फावडं घेतलं.

रात्रीच्या जेवणात नैनाने अर्धी पोळी आणि वरण घेतलं. अर्धी! वहीच्या पुढच्या बाजूला ते मी लगेच लिहून ठेवलं.

३० मार्च, रविवार. पाडवा.

सकाळी बर्फ. गुढी दारात उभारली आणि वाऱ्याने दोनदा पडली, शेवटी खिडकीच्या आत ठेवली. इंडियन स्टोअरमधून कडुनिंबाची पानं मिळाली होती. नैनाने प्रसादातलं एक पान उचललं, चावलं, तोंडही वाकडं केलं नाही. गूळ वाटीतच राहिला. तरी मला बरं वाटलं. सणाचं काहीतरी पोटात गेलं.

श्रीखंडाची वाटी तिच्यापुढे वीस मिनिटं होती. मग ती म्हणाली, "मे आय बी डन? आय वॉन्ट टु गो आउट अँड डिग." यशोधन म्हणाला, आधी संपव. मी म्हटलं, जाऊ दे रे तिला, एकाच गोष्टीत तर तिचा जीव रमतोय.

बर्फात जाऊन तिने दोन ओळी खणल्या. मी खिडकीतून बघत होते. गाल लाल झाले होते तिचे. किती महिन्यांनी लाल.

३ एप्रिल, गुरुवार

यशोधनशी कडाक्याचं भांडण.

नैना शाळेतून आली की बॅग दारातच टाकते आणि थेट मागे जाते. दोन तास, कधी अडीच. मी माझ्या मीटिंगांच्या मधूनमधून खिडकीशी जाते. (मी इन्शुरन्सच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, घरूनच. स्वयंपाकघरातलं टेबल हेच माझं ऑफिस.) आज यशोधन लवकर आला. बराच वेळ तो खिडकीत उभा होता.

"ती थांबत नाहीये, बघितलंस का?"

"मेहनती आहे. तुझ्यावर गेलीय."

"तसं नाही. वाफा दहा फूट रुंद ठरला होता ना? आता पंधराचा आहे. आणि जी ओळ काल खणली होती तीच आज परत खणतेय."

मी म्हटलं, ढेकळं फोडावी लागतात. तू कधी शेती केलीस? तुला तिचं काही चांगलं झालेलं बघवत नाही का? एवढं बोलायला नको होतं. तो म्हणाला, "मला भीती वाटते, एवढंच," आणि गाडी घेऊन गेला. हल्ली तो असाच जातो. परत आला तेव्हा शर्टाला कॉफीचा वास होता. बाहेर एकटा बसला असणार.

भीती मला वाटत नाही का? पण भीती वाटली म्हणून पाण्याचा ग्लास धरून बसायचं?

नैनाला मी रोज थँक यू म्हणते. बाहेरून आली की जवळ घेते आणि म्हणते, शाब्बास, थँक यू माझ्या बाळा. जवळ घेतलं की जॅकेटच्या आत ती कुठे आहे ते शोधावं लागतं.

६ एप्रिल, रविवार

मटार लावला! रात्रभर भिजवलेले दाणे, इंचभर खोल. माझ्या डब्यातली मेथीसुद्धा टाकली. माती चिकट होती, ओळ आखली की लगेच पाणी भरायचं. नैनाने चिखलातच बोटाने भोकं केली आणि एकेक दाणा ठेवला. नखं निळी पडली होती. आत ये म्हटलं तर म्हणे, वन मोअर रो.

वाफ्यांमधल्या वाटांवर टाकायला गावाच्या सार्वजनिक ढिगावरून चिप्स, म्हणजे लाकडाच्या ढलप्या, आणल्या, गाडी भरून तीन खेपा. यशोधनने हेलेनांची हातगाडी मागून आणली. नैनाला हातगाडी नको. ती बादलीने वाहते. "व्हील सिंक्स इन द मड," म्हणते. खरंच रुततं.

८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर. वजन थोडं कमी झालंय, फार नाही. त्यांनी विचारलं, रनिंग बंद आहे ना? मी म्हटलं, पूर्ण बंद. बूटसुद्धा मी माझ्या कपाटात ठेवलेत. नैना शेजारी बसून नखं खरवडत होती.

पुढची तारीख २५.

१० एप्रिल, गुरुवार

गंमत झाली. चिप्सचा ढीग कुंपणापाशी होता तो आज गॅरेजपाशी होता. नैना म्हणाली, तिथे पाणी साचत होतं म्हणून हलवला. सगळा बादलीने! मला तिची कीव आली आणि कौतुकही वाटलं. दुपारी बघते तर गॅरेजपाशी जास्त पाणी. मी सांगितलं, तर लगेच म्हणाली, ओके, आय'ल मूव्ह इट बॅक.

संध्याकाळपर्यंत ढीग पुन्हा कुंपणापाशी.

१३ एप्रिल, रविवार

सगळं मरतंय.

बेसमेंटमध्ये दिव्याखाली टोमॅटो आणि मिरचीची रोपं होती. सकाळी उतरले तर अर्धी बुंध्याशी काळी होऊन आडवी. मी ट्रेसमोर जमिनीवर बसून रडले. नैना जिन्यात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इट्स जस्ट प्लांट्स, आई." नुसती रोपं. तिला काय माहीत.

मटारही उकरून बघितला. आठ दिवस झाले, कोंब नाही. दाणा दोन बोटांत धरला तर पिठासारखा फुटला. सडलाय. मेथीचे चार कोंब दिसतात, पिवळे.

नैना म्हणाली, मग पूर्ण वाफा परत खणू आणि परत पेरू. तिचा आवाज एकदम उत्साही झाला. तिचा हा उत्साह बघूनच मी उभी राहिले. ती हरत नाही. मग मी का हरू?

१७ एप्रिल, गुरुवार

खारींनी कोपरा उकरला. आज एक खार कुंपणावर बसून काहीतरी कुरतडत होती. हुसकावलं तर तोंडातलं टाकून पळाली. बघते तर पराठ्याचा तुकडा, मेथीचाच, आमच्यासारखा. कोणाच्या कचऱ्यातून आणतात कोण जाणे. पलीकडच्या गल्लीत एक गुजराती कुटुंब राहतं, त्यांच्याकडचा असेल.

नैना आता सकाळचा पराठा खिडकीशी उभी राहून खाते. टेबलावर टेन्शन येतं म्हणाली. मी म्हटलं, खा ग बाई, कुठेही खा.

२० एप्रिल, रविवार

आज ईस्टर. हेलेनांनी गोड पाव आणून दिला, मनुका घातलेला, अजून गरम. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात.

"तुझी मुलगी," त्या म्हणाल्या, "माझ्या स्वयंपाकघरातून दिसते. सकाळी सहाला बाहेर असते. अंधार असतो तेव्हा. पावसात पण."

मी म्हटलं, सहाला? नाही, सहाला ती झोपलेली असते.

"रोज," त्या म्हणाल्या. "खणते. मग माती परत भरते. मग खणते. तिला कोणी सांगितलंय का?"

मला राग आला. खरंच आला. माझ्या मुलीवर खिडकीतून पाळत ठेवायची ही कुठली पद्धत? मी म्हटलं, बागकामाची तिला आवड आहे, आणि आजारी माणसाला मोकळी हवा चांगली असते. हेलेना म्हणाल्या, "तिला बसव, प्रतिमा. खुर्ची दे आणि बसव."

नैनाला विचारलं. ती म्हणाली, "आय लाइक द क्वाएट." सकाळची शांतता मलाही आवडते. यशोधनला यातलं काही सांगितलं नाही. तो लगेच काहीतरी निष्कर्ष काढेल.

पाव मी चाखला नाही, यशोधनने दोन तुकडे खाल्ले. नैनाचा तुकडा तिने खोलीत नेला.

२४ एप्रिल, गुरुवार

आता हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून लिहितेय. वही पिशवीत होती.

दुपारी साडेतीनपासून पाऊस जोरात होता. मी नैनाला नको जाऊस म्हटलं. नीट म्हटलं नाही. माझी मीटिंग सुरू होत होती, मी हेडफोन घालता घालता म्हटलं. ती गेली. चारच्या सुमाराला खिडकीतून पाहिलं तर ती वाफ्यात बसली होती, पाय पसरून, हात मातीत. मला वाटलं बी पेरतेय.

मला वाटलं बी पेरतेय. मी परत स्क्रीनकडे बघितलं. एक माणूस कुठल्या तरी फॉर्मबद्दल बोलत होता. मी उत्तर दिलं. जोकही केला. पुन्हा खिडकीकडे बघितलं तेव्हा ती तशीच होती, फक्त मान एका बाजूला. मधे किती वेळ गेला? दहा मिनिटं. बारा. मला नक्की आकडा हवाय आणि तो मिळत नाही.

धावले. चप्पल चिखलात राहिली. तिचे ओठ निळे होते. डोळे उघडे. मी म्हटलं, नैना, ऊठ. ती अगदी हळू म्हणाली, "आय कान्ट फाइंड माय लेग्ज." मी तिला उचललं. सोळा वर्षांची मुलगी मी एकटीने उचलली आणि ती जड लागली नाही.

ॲम्ब्युलन्स हेलेनांनी बोलावली होती. मी नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

नाडी इतकी मंद की नर्सने दोनदा मोजली. मशीन सारखं वाजतं. यशोधन मशीनच्या आवाजावर श्वास घेतो असं वाटतं.

सकाळी डॉक्टर आल्या, तरुण, केस मागे घट्ट बांधलेले. घरी व्यायाम काय करते विचारलं. मी सांगितलं, काही नाही, रनिंग मार्चपासून बंद.

"दुसरं काही? घरात चालणं, जिने?"

"काही नाही. फक्त बागकाम."

त्यांनी मान वर केली. "रोज किती वेळ?"

शाळेतून आल्यावर दोन तास, मी सांगायला लागले. कधी अडीच. शनिवार-रविवार दुपारपर्यंत. आणि सकाळी... सकाळी सहापासून, बहुतेक. बादलीने चिप्स. मातीची ढेकळं. बोलता बोलता माझ्याच कानावर ते पडत होतं. मी मधेच थांबले. यशोधन भिंतीकडे बघत होता.

त्या म्हणाल्या, हा आजार घरातलं जे हाताला लागेल ते वापरतो. बाग नसती तर दुसरं काही असतं. तुमचा दोष नाही.

दोष नाही कसा? बाग मीच आणून दिली तिच्या हातात. फावडं मी आणलं. झेंड्या टोचायला माणूस मी बोलावला.

२९ एप्रिल, मंगळवार

नाकातून नळी. तिने ती एकदा ओढून काढली. आता एक मदतनीस बाई दिवसरात्र खोलीत बसते. बाथरूमचं दार उघडं ठेवायचं.

मी दुपारी तिला विचारलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. तुला एवढा त्रास होत होता तर मला का नाही सांगितलंस?

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "यू वेअर सो हॅपी." आणि थोड्या वेळाने, "यू सेड थँक यू. एव्हरी डे."

मी बाहेर येऊन लिफ्टपाशी उभी राहिले. लिफ्ट आली, गेली. माणसं चढली, उतरली. कोणीतरी विचारलं, वर की खाली?

४ मे, रविवार

घरी कपडे घ्यायला आले होते. पाऊस थांबलाय. वाफ्याकडे बघायचं नाही म्हणून मी मागचा पडदा ओढला, मग स्वतःच उघडला. चपला अजून तिथेच होत्या, मातीत रुतलेल्या. त्या काढायला गेले तेव्हा वाफ्याच्या कडेने चालले, आणि खारींनी जिथे उकरलं होतं तिथे वाकले.

पराठे. भाकरीचे तुकडे. हेलेनांचा मनुकांचा पाव, कागदात गुंडाळलेला. बोटभर खोल, ओळीत. बियांमध्ये अंतर ठेवतात तसं अंतर ठेवून.

वहीच्या पुढच्या बाजूची, खाण्याची पानं मी रोज भरत होते. अर्धी पोळी, एक पराठा, तारखेसकट. मी ती पानं वाचली. फाडायची होती. यशोधनने वही माझ्या हातून घेतली आणि म्हणाला, "राहू दे. डॉक्टरांना खरं काय ते दाखवू." मग तो खाली बसला, दोन्ही हात तोंडावर घेऊन. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्याला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, "मला दिसत होतं, प्रतिमा. मला दिसत होतं आणि मी कॉफी प्यायला जात होतो."

आम्ही दोघं चिखलाच्या कडेला किती वेळ बसलो माहीत नाही. कपडे न घेताच परत गेलो.

१० मे, शनिवार

घरी आणलं. सोळा दिवसांनी. क्लिनिकने हॉस्पिटलचा फोन गेल्यावर तारीख अलीकडे घेतली, सोमवारपासून रोज सकाळी. त्यांनी सांगितलेले नियम फ्रिजवर लावलेत. जिना दिवसातून दोनदाच. मागचं दार बंद, किल्ली यशोधनकडे.

१२ मे, सोमवार

क्लिनिकमधल्या आहारतज्ज्ञ बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, घरात आणखी कोण डाएट करतं? मी म्हटलं, कोणी नाही.

नैना माझ्याकडे बघत राहिली.

बाई म्हणाल्या, मग सोपं आहे. तिच्या ताटात जे, तेच तुमच्या ताटात, तेवढंच. एका टेबलावर.

१६ मे, शुक्रवार

सोपं नाही.

तूप लावलेले दोन पराठे, दही, बटाट्याची भाजी, एक ग्लास दूध. पहिल्या दिवशी वाटलं, हे काय, खाऊ. आज पाचव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी पराठ्याचा मधला भाग खाते आणि तुपाच्या कडा ताटाखाली सरकवते. मी रात्रीची पोळी शेवटची कधी खाल्ली ते आठवून बघितलं. भाचीच्या लग्नाआधी. जवळजवळ वर्ष झालं. मला वाटत होतं मला भूकच नाही.

नैना म्हणाली, "यू फर्स्ट."

मी कडा उचलून खाल्ल्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी इतके महिने तिच्या तोंडाकडे बघितलं तशी. मग तिने एक घास घेतला. दुसरा घेतला नाही. पाऊण तास झाला. मग ताट भिंतीवर फेकलं आणि ओरडली, आय हेट यू, आय हेट यू, यू डिड धिस. यशोधनने तिला मागून धरलं. मी भिंत पुसली आणि फ्रिजवरच्या कागदावर लिहिलंय तसं दुसरं ताट वाढलं.

२४ मे, शनिवार

ऊन पडलं. पहिल्यांदा खरं ऊन. हातगाडी परत करायला गेले तर हेलेना टोमॅटोची रोपं लावत होत्या. मला त्यांची माफीही मागायची होती. त्यांनी मला खुर्ची दिली. बसवलं. मग एवढंच म्हणाल्या की पोलंडमध्ये त्यांची बहीण होती, तिच्या वेळी या आजाराला नाव नव्हतं.

मग माझ्याबरोबर कुंपण ओलांडून आल्या आणि वाफ्यावर काठी आपटली. ठक्क वाजलं. वीट. सगळीकडे भेगा, कडा फुटलेल्या कौलासारख्या तीक्ष्ण.

"आता काय करू?" मी विचारलं. "खत घालू? पाणी मारू? परत खणू?"

"काही करू नको," त्या म्हणाल्या. "पाय पण ठेवू नको. दोन हिवाळे जाऊ दे."

मला काही न करणं जमत नाही. जमलं असतं तर हे झालंच नसतं. फावडी आणि कुदळ त्यांच्याकडे ठेवून आले.

१ जून, रविवार

वजन थोडं वाढलं. आम्हाला आकडा सांगतात, तिला नाही. यशोधन गाडीत माझा हात धरून बसला. आनंद झाला का? नाही. आकड्यांवर माझा विश्वास उरला नाही. उपासमारीने तिच्या हातांवर बारीक लव आली होती ती अजून आहे. ती झोपते तेव्हा मी दाराशी उभी राहून श्वास मोजते, आणि मोजायला लागले की स्वतःला थांबवते.

शाळेची परीक्षा ती देणार नाही. ठीक आहे.

५ जून, गुरुवार

दुपारचं जेवण. राजमा, भात, वरून लोणी, दही. मी तेच घेतलं, तेवढंच. यशोधन ऑफिसात होता. आम्ही दोघीच.

नैनाने चार घास खाल्ले आणि चमचा ठेवला. क्लिनिकमध्ये शिकवलंय, विनवण्या करायच्या नाहीत, वाद घालायचा नाही, घड्याळ बघायचं नाही. नुसतं बसायचं. मी बसले. ती रडत होती पण आवाज नव्हता. वीस मिनिटं झाली असतील. भातावर साय धरल्यासारखं लोणी गोठलं.

माझा लॅपटॉप काउंटरवर वाजायला लागला. एकची मीटिंग. मी ती पुढे ढकलायला विसरले होते. आवाज बंद करावा म्हणून मी खुर्ची जरा मागे सारली, तेवढीच, एवढुशी.

नैनाने माझं मनगट पकडलं. बोटं अजून गार आहेत तिची.

"आई," ती म्हणाली. मराठीत, तुटक, लहानपणी बोलायची तसं. "तू उठू नको. तू उठली तर ते मला खाऊ देत नाही."

ते म्हणजे तिचा आजार, हे मला विचारावं लागलं नाही.

लॅपटॉप वाजून वाजून थांबला. परत वाजला. तिने डाव्या हाताने माझं मनगट तसंच धरून ठेवलं आणि उजव्याने चमचा उचलला. मी माझा गार राजमा खाल्ला. तिने तिचा. पावणेदोन वाजले. ताटात दोन-तीन दाणे राहिले होते, तेही तिने गोळा केले, आणि मग टेबलावर डोकं टेकून इतकं रडली की मला तिच्या पाठीचे मणके हलताना दिसत होते. मी पाठीवर हात ठेवला. शाब्बास म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

साडेतीनला परत खायचंय.